झुडूप हिरवंगार, फळ मात्र नाही: अलॉटमेंटवरच्या दुर्लक्षित बेरीझुडपांची तपासणी आणि छाटणी

अलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजी-फळं लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी, कौन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) पत्र येतं, गेटची किल्ली मिळते, आणि कमरेएवढ्या गवतातून वाट काढत प्लॉटवर गेलं की कोपऱ्यात चार-पाच झुडपं उभी दिसतात. आधीच्या माणसाने हौसेने लावलेली, नंतर कित्येक वर्षं कोणाचाही हात न लागलेली. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या आमच्या साइटवर मी बारा वर्षं आहे. आधी माझ्या प्लॉटवरची अशी झुडपं सुधारली, मग शेजाऱ्यांची. दर हिवाळ्यात तोच प्रश्न येतो: झुडूप एवढं वाढलंय, मग फळ का नाही? गेल्या काही वर्षांत विचारणाऱ्यांमध्ये मराठी घरंही आहेत, म्हणून हे सगळं एकदा मराठीत लिहून ठेवते आहे.

आधी लक्षणं बघा

आपल्या झुडपाला यातलं काय लागू पडतं ते पाहा. एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

- पानं भरपूर, पण फळं फक्त टोकांना आणि बाहेरच्या अंगाला. आतल्या फांद्या उघड्या, त्यावर शेवाळ.
- फळ धरतं, पण वाटाण्यापेक्षाही लहान राहतं.
- फळाला रंग येतो आणि एका सकाळी सगळं झुडूप रिकामं.
- पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर आणि फळांवर पांढरी भुरी, जी पुढे तपकिरी लोकरीसारखी होते.
- मे महिन्यात दोन-चार दिवसांत पानं गायब, फक्त शिरा उरलेल्या.
- हिवाळ्यात फांदीवरचे काही डोळे, म्हणजे अंकुर, टोकदार न राहता हरभऱ्यासारखे गोल फुगलेले.
- एखादी अख्खी फांदी वाळलेली, सालीवर नारिंगी-गुलाबी पुटकुळ्या.
- गेल्या हिवाळ्यात सगळं जोरात छाटलं आणि यंदा एकही फळ नाही.

शेवटचं लक्षण माझ्याकडे सर्वांत जास्त येतं, आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. एप्रिलची, नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची, फळासाठीची गोड्या बहाराची छाटणी बघत मोठी झाले. पहिल्याच फेब्रुवारीत मी इथली सगळी झुडपं एकाच मापाने गुडघ्यापर्यंत कापली. जूनमध्ये हिरव्या फुटव्यांचं रान माजलं आणि जुलैत वाडगाभरही फळ निघालं नाही. द्राक्षात आपण काडी बघून, डोळे मोजून कापतो. इथे मी काडी बघितलीच नव्हती. फळ कोणत्या वयाच्या काडीवर येतं ते कळल्याशिवाय कात्री लावली की मेहनत करून पीक घालवतो. म्हणून खालच्या क्रमात कात्री बरीच उशिरा येते.

१. तारीख बघा, घरटं बघा

फुकटची तपासणी, पण हीच चुकली तर बाकी सगळं चुकतं. ब्लॅककरंट, रेडकरंट (घोसाने येणारी छोटी काळी, लाल आंबट फळं), गूजबेरी यांची मुख्य छाटणी झाड झोपेत असताना, म्हणजे पानं गळाल्यापासून डोळे फुगेपर्यंत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. प्लॉट मे महिन्यात मिळाला असेल तर त्या वर्षी कापू नका, नुसतं बघा. कोणती फांदी कधी फुलली आणि फळ कुठे लागलं याचे फोटो काढून ठेवा, हिवाळ्यात ते फार उपयोगी पडतात.

मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ. अशा गच्च झुडपात ब्लॅकबर्ड हमखास घर करतो. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टनुसार वापरात असलेलं किंवा बांधलं जात असलेलं जंगली पक्ष्याचं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. घरटं दिसलं की पिल्लं उडून जाईपर्यंत त्या झुडपापासून लांब राहायचं.

२. झुडूप नेमकं कोणतं?

हेही फुकटच. पानं नसली तरी ओळखता येतं.

हिवाळ्यात एखादा डोळा बोटांत चुरडा. उग्र, थोडा मांजरासारखा वास आला तर ते ब्लॅककरंट. वास नाही, काटे नाहीत आणि सगळ्या फांद्या एका आखूड बुंध्यावरून फुटलेल्या असतील तर बहुतेक रेडकरंट किंवा व्हाइटकरंट. काटे असतील आणि बोट घालायलाही जागा नसेल तर गूजबेरी. (शब्दकोशात गूजबेरीला आवळा म्हटलेलं सापडतं, पण आपल्या आवळ्याशी तिचं काही नातं नाही. चवीला कच्ची गूजबेरी मला करवंदाच्या जवळची वाटते, आणि लोणचंही तसंच होतं.) फांद्या नसून जमिनीतून सरळ वर आलेल्या, बारीक काटेरी काड्या असतील तर रास्पबेरी.

एवढी खटपट का, तर या चौघांची फळ धरण्याची रीत वेगळी आहे. ब्लॅककरंट मुख्यतः गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर फळतं. रेडकरंट आणि गूजबेरी जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर आणि गेल्या वर्षीच्या काडीच्या बुडाशी. रास्पबेरीचे तर दोन प्रकार आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. एकाला जी छाटणी जीवदान देते तीच दुसऱ्याचं दोन-तीन वर्षांचं पीक घालवते.

३. फळ धरतच नाही, की कोणीतरी खातंय?

फळ पिकायच्या आधी एका फळलेल्या फांदीवर जुन्या पडद्याच्या जाळीची पिशवी बांधा. पिशवीतली फळं पिकली आणि बाहेरची गेली, तर झुडपात दोष नाही, पक्षी खातायत. रेडकरंट तर लाल होताच दोन दिवसांत साफ होतं. इलाज जाळी. ती ताणून बांधा आणि रोज बघा, सैल जाळीत पक्षी आणि साळिंदरासारखे काटे असलेले इथले छोटे हेजहॉग अडकून मरतात.

हिवाळ्यात बुलफिंच नावाचा पक्षी गूजबेरीचे आणि करंटचे डोळेच टिपून खातो. फांदी लांबच लांब उघडी आणि पानं फक्त शेंड्याला, हे त्याचं काम. असं असेल तर छाटणी डोळे फुगायला लागेपर्यंत लांबवा, म्हणजे कोणते डोळे शाबूत आहेत ते बघून कापता येतं.

तिसरा चोर थंडी. ही झुडपं एप्रिलच्या आसपास फुलतात आणि तेव्हा इथे रात्री हिमकडाका पडतोच. फुलं भरपूर आली, मग काळवंडून गळाली, तर छाटणीला दोष देऊ नका. हिमाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी फ्लीसचं (पिकं झाकायचं पातळ, हलकं) कापड टाकायचं आणि सकाळी काढायचं. दिवसा झाकून ठेवलं तर मधमाश्या पोचत नाहीत.

४. बुडाशी काय आहे?

गुडघे टेकून झुडपाखाली बघा. काऊच ग्रास, म्हणजे आपल्या हरळीची इथली बहीण, बुंध्याभोवती गच्च बसलेली असते. वर बाइंडवीडची वेल फांद्यांना गुंडाळलेली. करंटची मुळं उथळ असतात. वरच्या थरातलं पाणी आणि अन्न गवतच आधी ओढून घेतं आणि फळ बारीक राहतं.

बुंध्याभोवती हातभर जागा हाताने साफ करा. फावड्याने खोल खणू नका, मुळं तुटतात. मग कुजलेल्या शेणखताचा किंवा घोड्याच्या लिदीचा पाच-सात सेंटीमीटर थर. बऱ्याच साइटवर आसपासच्या तबेल्यातली लीद स्वस्तात मिळते, पण ती पुरती कुजलेली हवी. ब्लॅककरंटला हे खत मनापासून आवडतं. गूजबेरीला आणि रेडकरंटला मात्र हात आखडता ठेवा, कारण नत्र जास्त झालं की लुसलुशीत वाढ होते आणि तिच्यावर भुरी तुटून पडते. त्यांना पालाश हवं. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर हिवाळ्याच्या शेवटी सल्फेट ऑफ पोटॅश द्या. त्यांच्या बुंध्याला खत चिकटवूही नका.

आमच्या समोरच्या प्लॉटवरची दोन ब्लॅककरंट झुडपं एवढ्याने पुढच्याच वर्षी सुधारली होती, कात्री लावायच्या आधी.

५. नखाने साल खरवडा

जी फांदी मेलेली वाटते तिची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर मेलेली. मेलेलं लाकूड कोणत्याही झुडपावरून काढलं तर नुकसान नाही, म्हणून कात्रीची सुरुवात इथून.

नारिंगी-गुलाबी पुटकुळ्या म्हणजे कोरल स्पॉट ही बुरशी. रेडकरंटवर जास्त दिसते. ती मेलेल्या लाकडावर वाढते आणि जखमेतून जिवंत फांदीत शिरते. म्हणून पुटकुळ्या संपतात तिथे न कापता, कापलेला भाग आतून स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत खाली जा. कापलेल्या फांद्यांचा ढीग झुडपाशेजारी ठेवू नका, तो ढीगच पुढच्या वर्षीचा रोग असतो. जाळायचं असेल तर साइटचा नियम आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी ठरावीक महिन्यांतच परवानगी असते.

अवजारं तीनच: धार लावलेली सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), लांब दांड्याची कात्री आणि घडीची छोटी करवत. रोगट झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना पाती मेथिलेटेड स्पिरिटने पुसा. गूजबेरीसाठी कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घ्या, बागकामाचे कापडी मोजे तिच्यापुढे टिकत नाहीत.

६. आता खरी छाटणी

*ब्लॅककरंट.* सालीचा रंग वय सांगतो. फिकट तपकिरी काडी गेल्या उन्हाळ्यातली, करडी तिच्या आधीची, काळपट जाड फांदी म्हातारी. द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरच्या नव्या काडीत घडनिर्मिती होते आणि पुढे त्या डोळ्यांतून घड येतात, तसंच इथे. यंदाच्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीत पुढच्या वर्षीचं फूल तयार होत असतं. फिकट काड्या जपायच्या, काळ्या काढायच्या.

दर हिवाळ्यात सर्वांत जुन्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश अगदी जमिनीलगत कापा. अर्ध्यावर कापू नका. अर्ध्यावर कापलं की वरच झुबका फुटतो आणि बुडातून नवी काडी येत नाही. ब्लॅककरंट मुद्दाम खोल लावलेलं असतं, ते जमिनीखालून फुटावं म्हणूनच. तीन हिवाळ्यांत झुडूप पूर्ण नवं होतं आणि दरवर्षी थोडं तरी फळ मिळत राहतं.

फांद्या इतक्या गुंतलेल्या असतील की निवडताच येत नाही, तर सगळंच जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटरवर कापता येतं. येणाऱ्या उन्हाळ्यात फळ मिळणार नाही हे मान्य करून. त्याच वसंतात भरपूर खत द्या आणि पुढच्या हिवाळ्यात दहा-बारा जोरदार काड्या ठेवून बाकीच्या काढा. झुडूप निरोगी आणि जोमदार असेल तरच हे करा, आणि फक्त ब्लॅककरंटला.

*रेडकरंट, व्हाइटकरंट आणि गूजबेरी.* यांचा सांगाडा कायमचा असतो, द्राक्षाच्या ओलांड्यासारखा, म्हणजे वेलीच्या कायम ठेवलेल्या आडव्या फांदीसारखा. जमिनीलगत कापलात तर सांगाडा पुन्हा उभा करायला वर्षं जातात. आपल्याला आकार हवा तो वाडग्याचा: आठ-दहा मुख्य फांद्या भोवताली आणि मध्य मोकळा.

पहिल्या हिवाळ्यात फक्त मधल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या काढा, आणि बुडातून आलेले धुमारे. एकूण झुडपाच्या चौथाईपेक्षा जास्त नको. त्याहून जास्त घेतलं तर झाड घाबरल्यासारखं सरळसोट फुटवे सोडतं आणि आपण होतो तिथेच परत येतो. दुसऱ्या हिवाळ्यापासून बाजूच्या फुटव्यांना एक-दोन डोळ्यांवर आखूड करा, आणि मुख्य फांदीची नवी वाढ अर्ध्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर. गूजबेरीच्या काही जाती झुकतात. तिथे वर तोंड असलेला डोळा निवडायचा.

मध्य मोकळा ठेवण्यामागे केवळ दिसणं नाही. भुरी कोंदट हवेत पसरते आणि कोवळ्या शेंड्यांवर हिवाळा काढते, त्यामुळे शेंडे छाटले की पुढच्या वर्षीचं बीजच कमी होतं. पानं फस्त करणारी सॉफ्लायची अळी, फिकट हिरवी, काळ्या ठिपक्यांची, झुडपाच्या मध्यात खालच्या पानांवर सुरुवात करते. दाट झुडपात ती दिसते तेव्हा वरची पानंही गेलेली असतात. मोकळ्या झुडपात एप्रिलच्या शेवटापासून पानाची खालची बाजू उलटून बघता येते आणि अळ्या हाताने वेचता येतात. वर्षात तिच्या दोन-तीन पिढ्या होतात, तेव्हा एकदा वेचून भागत नाही.

जूनअखेर ते जुलैमध्ये नव्या बाजूच्या फुटव्यांना पाच पानांवर खुडा. ऊन फळापर्यंत पोचतं आणि माव्याने गोळा झालेले शेंडेही जातात. सांगाड्याच्या फांद्यांना तेव्हा हात लावू नका.

*रास्पबेरी.* उन्हाळी रास्पबेरी गेल्या वर्षीच्या काडीवर जून-जुलैत फळते. शरदातली रास्पबेरी त्याच वर्षीच्या नव्या काडीवर, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. शरदातलीला फेब्रुवारीत सगळ्या काड्या जमिनीलगत कापायच्या. तेच उन्हाळीला केलं तर त्या वर्षीचं पूर्ण पीक गेलं. तिच्या फक्त फळून गेलेल्या काड्या काढायच्या, आणि उरलेल्यांतल्या जोरदार काड्या वितभर अंतराच्या आतच, साधारण दहा सेंटीमीटरवर, तारेला बांधायच्या.

कोणती आहे हे माहीत नसेल तर फेब्रुवारीत अर्धी ओळ कापा, अर्धी तशीच ठेवा. न कापलेल्या काड्या जुलैत लगडल्या आणि कापलेल्या भागात शरदात काहीच आलं नाही, तर उन्हाळी. कापलेल्या भागातल्या नव्या काड्या सप्टेंबरात फळल्या, तर शरदातली. एका वर्षात खात्रीचं उत्तर मिळतं आणि घरात थोडं फळही येतं.

७. ब्लॅककरंटचे फुगलेले डोळे

हे काम जानेवारीत, पानं नसताना. निरोगी डोळा बारीक आणि टोकदार असतो. गोल फुगलेल्या डोळ्यात नुसत्या नजरेला न दिसणारे हजारो कोळी असतात. याला इथे बिग बड म्हणतात. दहा-वीसच असतील तर खुडून पिशवीत भरा आणि घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. वसंतात हे कोळी बाहेर पडून वाऱ्याने नव्या डोळ्यांवर जातात, म्हणून त्याआधी खुडायचं.

खरी भीती कोळ्याची नाही, तो वाहून आणतो त्या रिव्हर्जन विषाणूची. झुडूप जोमदार वाढतं, पानांचा आकार बदलून ती साधी होत जातात, आणि फळ वर्षागणिक कमी होतं. याला औषध नाही आणि छाटणीनेही ते जात नाही. अशा झुडपाच्या काड्या कलमासाठी कोणाला देऊ नका, आपुलकीने दिलेल्या एका काडीने सगळ्या साइटवर रोग जातो.

८. काढून टाकायची वेळ

विषाणू लागलेलं, किंवा खत, साफसफाई आणि तीन हिवाळ्यांची छाटणी होऊनही बुडातून नवी काडी न देणारं ब्लॅककरंटचं झुडूप मुळासकट खणून काढा. ब्लॅककरंट चांगल्या निगेत पंधरा वर्षांच्या आसपास भरभरून देतं, त्यामुळे म्हातारं झुडूप काढताना वाईट वाटून घेऊ नका. नवं झुडूप त्याच खड्ड्यात नको, दुसऱ्या जागी लावा, आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलंच घ्या. स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या ‘बेन’ मालिकेतली बेन होप ही जात या कोळ्याला दाद देत नाही. गूजबेरीत इन्व्हिक्टा भुरीला बऱ्यापैकी तोंड देते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

झुडपांवर दुसऱ्याच्या मोठ्या झाडाची सावली असेल तर स्वतः चढून फांद्या तोडू नका. झाडावर संरक्षणाचा आदेश असू शकतो, आणि शिडीवर करवत चालवणं हे आपलं काम नाही. साइट सेक्रेटरीमार्फत कौन्सिलला सांगा.

झुडपांच्या गचपणात जुन्या शेडचे करड्या रंगाचे पन्हळी पत्रे सापडले तर त्यांना हात लावू नका, तोडू नका, ओढू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या शेडमध्ये ते असणं शक्य आहे. काम तिथेच थांबवा आणि कळवा.

बांबूसारख्या पोकळ, जांभळट ठिपक्यांच्या काड्या झुडपांतून उगवल्या असतील तर ती जपानी नॉटवीड, झपाट्याने पसरणारं तण, असू शकते. तिचा बोटभर तुकडाही नवं झाड करतो. कापू नका, कंपोस्टमध्ये टाकू नका, गाडीतून कचराडेपोला नेऊ नका. ते काम परवानाधारकाचं आहे.

एकामागून एक झुडपं वाळत असतील तर मेलेल्या झुडपाची जमिनीलगतची साल सोलून बघा. आत पांढरा, अळंब्यांचा वास येणारा पापुद्रा दिसला तर हनी फंगसचा, म्हणजे मुळं मारणाऱ्या बुरशीचा, संशय घ्या. त्याला औषध नाही. तिथे नवं काही लावण्याआधी शेजारच्या प्लॉटवाल्यांना सांगा आणि साइट कमिटीमार्फत तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या. आरएचएसचं (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं) सभासदत्व असेल तर त्यांच्या सल्लासेवेला नमुना दाखवता येतो.

आणि गूजबेरीचा काटा बोटाच्या सांध्यात मोडून राहिला, सांधा सुजला, बोट वळेना, किंवा लाली हातावर चढायला लागली, तर सुईने कोरत बसू नका. त्याच दिवशी १११ ला, एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) सल्ला क्रमांकावर, फोन करा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती तेही सांगा.